‘इक्विटी’ : एक शब्द की चार?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नव्या कंपनीने नोकरीच्या प्रस्तावात पगाराच्या जोडीला ‘अर्धा टक्का इक्विटी’ देऊ केली आहे. बँकेतील अधिकारी म्हणाले, की आपल्या घरात बरीच इक्विटी जमा झाली असून तिच्या आधारावर आणखी कर्ज मिळू शकेल. शेअर बाजाराच्या बातम्यांत इक्विटी म्हणजे सरळ शेअर. आणि शब्दकोश उघडला, तर पहिला अर्थ ‘न्याय्यता, समदृष्टी’ असा मिळतो. तेव्हा हा शब्द एक आहे की चार, आणि न्यायाचा पैशाशी संबंध आला कुठून, असे आपण विचारले आहे.

मी बरीच वर्षे कंपन्यांचे हिशेब तपासण्याच्या व्यवसायात आहे आणि हा गोंधळ केवळ नवख्यांचा नाही, हे आधी सांगतो. संचालक मंडळाच्या बैठकीत एकाच चर्चेत एक जण इक्विटी म्हणताना ताळेबंदातील आकडा धरून चालतो आणि दुसरा बाजारातील शेअरची किंमत, असे मी अनेकदा ऐकले आहे. माझे उत्तर असे, की शब्द एकच आहे आणि त्याचा आर्थिक अर्थही मुळात एकच आहे : ज्यांचा हक्क आधी लागतो त्या सर्वांचे देणे भागवल्यानंतर मालकाच्या वाट्याला जे उरते, ते. बदलतात त्या दोन गोष्टी. आधी कोणाचे देणे भागवायचे, ही एक. आणि उरलेल्याची किंमत कोणत्या मापाने मोजायची, ही दुसरी. हा अर्थ न्यायाच्या कल्पनेतून कसा निघाला, हे पाहिले की पुढचा गुंता बराचसा सुटतो, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

लॅटिनमध्ये ‘एक्वस’ म्हणजे सपाट, समान; त्यावरून ‘एक्विटास’ म्हणजे समभाव, न्याय्यता. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला आणि इंग्लंडमध्ये त्याला एक खास कायदेशीर अर्थ चिकटला. तिथल्या राजाच्या न्यायालयांत चालणारा ‘कॉमन लॉ’ ठरावीक नमुन्यांच्या हुकूमनाम्यांवर उभा होता. गाऱ्हाणे कितीही खरे असले, तरी ते त्या नमुन्यांत बसत नसेल तर दाद मिळत नसे, आणि मिळाली तरी ती बहुधा नुकसानभरपाईच्या रूपातच मिळे. अशी निराश माणसे राजाकडे अर्ज करीत आणि राजा ते अर्ज आपल्या लॉर्ड चॅन्सलरकडे सोपवी. या प्रथेतून चान्सरी नावाचे स्वतंत्र न्यायालय आकाराला आले आणि त्याने सदसद्विवेकाला धरून दिलेल्या निर्णयांतून जे नियम साचत गेले, त्यांना इक्विटी म्हणू लागले. आपल्याकडील कायद्याच्या पुस्तकांत त्यासाठी ‘समन्याय’ हा शब्द आढळतो. दोन न्यायालये, दोन प्रकारचे कायदे, म्हणजे भांडण आलेच; ते इतके विकोपाला गेले, की १६१६ मध्ये राजा पहिला जेम्स याला निवाडा करावा लागला. दोहोंत विरोध आला तर चान्सरीचे म्हणणे चालेल, असा तो निवाडा होता.

आता गहाणाकडे वळू, कारण न्यायाचा हा शब्द पैशाचा शब्द झाला तो तिथे. त्या काळचे इंग्लंडमधील गहाण आजच्यासारखे नव्हते. कर्ज घेणारा आपली जमीन थेट सावकाराच्या नावे करून देत असे आणि करारात अट एवढीच असे, की ठरलेल्या दिवशी सर्व रक्कम परत केली तर सावकाराने जमीन पुन्हा मूळ मालकाच्या नावे करावी. तो दिवस चुकला, मग कारण आजारपणाचे असो की पुराचे, तर कॉमन लॉच्या दृष्टीने जमीन कायमची गेली. कर्ज जमिनीच्या किमतीच्या मानाने अगदी लहान असले तरी फरक पडत नसे. चान्सरीला हे अन्यायाचे वाटले. सुरुवातीला अपघात किंवा फसवणूक अशा अपवादात्मक प्रकरणांतच ती हस्तक्षेप करी. पुढे सतराव्या शतकात मात्र सर्वसाधारण नियमच होऊन बसला, की मुदत टळली तरी वाजवी काळात मुद्दल, व्याज आणि खर्च चुकता करणाऱ्याला आपली जमीन सोडवून घेता येईल. सावकाराला हवे होते ते कर्जाचे तारण; तारणाच्या आडून जमीन बळकावण्याचा त्याला अधिकार नाही, हे त्यामागचे तत्त्व होते. गहाण सोडवण्याच्या या न्याय्य हक्काला ‘इक्विटी ऑफ रिडेम्प्शन’ असे नाव पडले.

सावकारांची अडचणही खरी होती. ऋणको कधीही उगवून जमीन परत मागणार असेल, तर ती विकायची कशी आणि तिच्यात पैसा घालायचा कोणत्या भरवशावर? म्हणून न्यायालयाकडून शेवटची तारीख ठरवून घेण्याची सोय निघाली. त्या तारखेनंतर सोडवणुकीचा हक्क बंद होई आणि या बंद करण्यालाच ‘फोरक्लोजर’ म्हणतात. (आज काही बँका मुदतीआधी कर्ज फेडून खाते बंद करण्यालाही फोरक्लोजर म्हणतात. दोन अर्थ जवळजवळ उलट आहेत. कागदावर हा शब्द दिसला की कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते विचारून घ्यावे.)

या हक्काला किंमत कशी आली, हा पुढचा टप्पा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. एखाद्याच्या जमिनीची किंमत कर्जाच्या दुप्पट असेल, तर कर्ज फेडून ती सोडवण्याचा हक्क हा नुसता कागदी दिलासा राहत नाही. कोणीही शहाणा माणूस तो हक्क पैसे मोजून विकत घेईल. १७३८ मध्ये कॅसबोर्न विरुद्ध स्कार्फ या खटल्यात लॉर्ड चॅन्सलर हार्डविक यांनी हे मान्य केले, की सोडवणुकीचा हा हक्क म्हणजे जमिनीतील एक मालमत्ताच आहे. तो विकता येतो, मृत्युपत्राने देता येतो, पुन्हा गहाणही टाकता येतो. त्याची किंमत किती, तर जमिनीच्या किमतीतून कर्ज वजा जाता जे राहील तितकी. बोलण्याच्या ओघात ‘ऑफ रिडेम्प्शन’ हे शेपूट गळून पडले आणि ‘इक्विटी’ हा शब्द हक्काऐवजी त्या शिलकी किमतीसाठी वापरला जाऊ लागला. आपल्या बँकेच्या अधिकाऱ्याने वापरला तो हाच, सर्वांत जुना आर्थिक अर्थ.

त्याचा हिशेब सोपा आहे, पण त्यातील एक बाजू लोकांच्या लक्षात राहत नाही. घराची किंमत १०० आणि कर्ज ७० धरले, तर इक्विटी ३०. किंमत दहा टक्क्यांनी वाढून ११० झाली, तर कर्ज जिथल्या तिथे असल्यामुळे इक्विटी ४० होते, म्हणजे एक तृतीयांशाने वाढते. किंमत दहा टक्क्यांनी उतरली, तर ती २० वर येते, म्हणजे तेवढ्याच वेगाने घटते. चढ आणि उतार यांचा सगळा भार मालकाच्या शिलकीवर पडतो, धनकोच्या रकमेवर नाही. किंमत ६० वर गेली, तर इक्विटी उणे १० होते. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आणि अमेरिकेत २००८ च्या आसपासच्या पडझडीत लाखो कुटुंबांनी ही उणे इक्विटी अनुभवली. घर विकूनही कर्ज फिटत नसेल, तर उरलेल्या रकमेसाठी बँक ऋणकोच्या इतर मालमत्तेवर हात टाकू शकते का, याचे उत्तर मात्र त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर आणि आपल्या करारावर अवलंबून आहे. अमेरिकेतच ते राज्याराज्यांत वेगळे आहे. त्यामुळे ‘इक्विटीवर कर्ज’ याचा सरळ अर्थ आपली शिलकी गादी पातळ करून त्या जागी देणे वाढवणे असा आहे, हे समजून निर्णय घ्यावा. घराची किंमत बँकेच्या मूल्यांकनकर्त्याने ठरवलेली असते आणि विक्रीचा खर्च तिच्यात धरलेला नसतो, हेही ध्यानात ठेवावे.

कंपनीकडे आलो, की हेच सूत्र मोठ्या प्रमाणावर लागू होते : मालमत्ता उणे देणी बरोबर इक्विटी. आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांच्या वैचारिक चौकटीतही इक्विटीची व्याख्या सर्व देणी वजा केल्यानंतर मालमत्तेत उरलेला हितसंबंध, अशीच दिलेली आहे. म्हणजे इक्विटीला स्वतःचे स्वतंत्र मोजमाप नाही. आधी बाकीच्या गोष्टी मोजायच्या आणि मग वजाबाकी करायची. इटालियन गणिती लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन बाजूंनी नोंदण्याची पद्धत, सांगितली तेव्हाही मालकाचे भांडवल असेच दुसऱ्या बाजूला बसत होते. इक्विटी हा शब्द त्याला पुष्कळ नंतर लागला.

माझ्या कामात सर्वाधिक वेळा दुरुस्त करावी लागणारी समजूत इथली आहे. ताळेबंदात इक्विटी १८० दिसली, की कंपनीकडे १८० रोकड पडून आहे असे लोक धरून चालतात, आणि ‘राखीव निधी’ या मराठी शब्दाने तर ती समजूत पक्कीच होते. समजा, मालमत्ता ५०० आणि देणी ३२०. इक्विटी १८०, त्यातील ५० भागधारकांनी आणलेले भागभांडवल आणि १३० आजवर न वाटता ठेवलेला नफा. हे १३० कुठे आहेत, या प्रश्नाचे उत्तर इक्विटीच्या बाजूला मिळत नाही, मालमत्तेच्या बाजूला शोधावे लागते : काही यंत्रांत, काही मालाच्या साठ्यात, काही ग्राहकांकडून येणे असलेल्या रकमांत. रोकड कदाचित अवघी पाच असेल. मोठा राखीव निधी असलेली कंपनी पगार द्यायला कर्ज काढते, यात काही गौडबंगाल असतेच असे नाही.

याच वजाबाकीमुळे पुस्तकी इक्विटी आणि बाजारातील किंमत यांत अंतर पडते. कंपनीने स्वतः वर्षानुवर्षे घडवलेले नाव, ग्राहकांचा विश्वास, कामगारांचे कसब यांना मानकांनुसार मालमत्ता म्हणून पुस्तकात जागा नाही. बाजार मात्र त्यांची किंमत धरतो. मॅकडोनल्ड्स या कंपनीची पुस्तकी इक्विटी २०१६ च्या अखेरीस उणे झाली आणि नंतरही अनेक वर्षे उणेच राहिली, कारण तिने कर्जे काढून आपलेच शेअर मोठ्या प्रमाणावर परत विकत घेतले. तरीही बाजारात तिचे मूल्य अब्जावधी डॉलरचे होते. म्हणून उणे घरगुती इक्विटी आणि उणे पुस्तकी इक्विटी यांचा अर्थ एकाच आवाजात वाचू नये. पहिली बहुधा संकटाची खूण असते. दुसरी संकटाची असू शकते किंवा नफ्यातील कंपनीने जाणूनबुजून केलेल्या वाटपाचीही असू शकते. रोख आवक पाहिल्याखेरीज मी यावर मत देत नाही.

शेअरला इक्विटी का म्हणतात, हे आता वेगळे सांगायची गरज नसावी. कंपनी बंद करायची वेळ आली, तर साधारणपणे तारणधारी धनको, मग बिनतारणी देणी, मग अग्रहक्क भागधारक (ज्यांना पैसे सामान्य भागधारकांच्या आधी मिळतात ते), आणि सर्वांत शेवटी सामान्य भागधारक असा क्रम लागतो. शिल्लक उरली तर ती सगळी या शेवटच्यांची, नाही उरली तर त्यांना काही नाही. गहाण जमिनीच्या मालकाची जी स्थिती होती तीच ही स्थिती, म्हणून त्यांच्या भागाला इक्विटी शेअर, आपल्या मराठीत समभाग. फरक एक आहे आणि तो मालकाच्या फायद्याचा आहे : मर्यादित जबाबदारीमुळे भागधारकाचे नुकसान त्याने गुंतवलेल्या रकमेपाशी थांबते.

पण उरलेल्या किमतीवर हक्क असणे म्हणजे वस्तूंवर मालकी असणे नव्हे. मकॉरा नावाच्या गृहस्थांनी आपले लाकूड कंपनीला विकून त्या बदल्यात तिचे शेअर घेतले होते आणि लाकडाचा विमा मात्र स्वतःच्या नावाने उतरवला होता. लाकूड जळाले. १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ठरवले, की लाकूड कंपनीचे होते, त्यात भागधारकाचा विमायोग्य हितसंबंध नाही, आणि विमा कंपनी पैसे देणे लागत नाही. कंपनी जवळजवळ पूर्णपणे त्यांचीच होती, तरीही. ‘मी कंपनीचा मालक आहे’ असे भागधारक म्हणतात तेव्हा मला हा खटला आठवतो.

नाव पाहून फसण्याचे प्रकार दोन्ही बाजूंनी घडतात. ठरलेल्या तारखेला कंपनीने पैसे परत केलेच पाहिजेत अशी अट असलेला अग्रहक्क भाग नावाने ‘भाग’ असला, तरी आंतरराष्ट्रीय मानकांनुसार तो देणे म्हणून दाखवावा लागतो. उलट पुढे शेअरमध्ये रूपांतर होणाऱ्या कर्जरोख्याचा काही हिस्सा इक्विटीत जाऊ शकतो. पैसे परत करण्याचे बंधन कंपनीवर आहे का, ही कसोटी नावापेक्षा भरवशाची आहे. ‘ट्रेडिंग ऑन इक्विटी’ हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना छळणारा शब्दप्रयोग तर प्रत्यक्षात कर्जाविषयीच बोलतो : मालकांच्या शिलकीच्या भरवशावर ठरावीक व्याजाने पैसे उचलायचे आणि त्यावर व्याजापेक्षा जास्त कमावून मालकांचा परतावा फुगवायचा. वर घराच्या उदाहरणात १०० चे ११० होताना जे घडले, तेच हे. प्रायव्हेट इक्विटी म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेल्या, किंवा खरेदी करून बाजारातून बाहेर काढलेल्या, कंपन्यांतील मालकी. ‘ब्रँड इक्विटी’ हे विपणनवाल्यांनी घेतलेले उसने रूपक असून त्यात वजाबाकी कुठेच नाही, म्हणून मी ते आर्थिक अर्थांत धरत नाही. आणि न्याय्यतेचा मूळ अर्थही जिवंत आहे : अमेरिकेतील रंगभूमीवरच्या नटांची १९१३ मध्ये स्थापन झालेली संघटना ‘ॲक्टर्स इक्विटी’ म्हणवते, ती शेअरसाठी नव्हे, रास्त वागणुकीसाठी.

राहिला आपल्या नोकरीचा प्रस्ताव. अर्धा टक्का कशाचा, हे कागदावर लिहिलेले असावे. नव्या कंपन्यांतील गुंतवणूकदार बहुधा अग्रहक्क भाग घेतात, आणि कंपनी विकली गेली तर घातलेली रक्कम आधी परत घेण्याचा किंवा आपले भाग सामान्य शेअरमध्ये बदलून टक्केवारीने वाटा घेण्याचा पर्याय त्यांच्याकडे असतो. समजा, कंपनी १०० ला विकली गेली, तिच्यावर २० कर्ज आहे आणि गुंतवणूकदारांनी घातलेले ४० त्यांनी आधी काढून घेतले. सामान्य भागधारकांसाठी ४० उरले. आपला अर्धा टक्का या सामान्य शेअरांतील असेल, तर हाती ०.२ येतील, आपण मनात ०.५ धरले असणार. कंपनी ६० ला विकली गेली, तर काहीच येणार नाही, आणि वर्तमानपत्रात मात्र ‘कंपनीची ६० ला विक्री’ अशी बातमी येईल. याशिवाय पुढच्या भांडवल उभारणीत सध्याच्या एकूण शेअरांच्या चौथ्या हिश्शाइतके नवे शेअर काढले गेले, तर आपला ०.५ टक्का ०.४ टक्क्यावर येतो. हा तोटाच असतो असे नाही, कारण नव्या पैशाने कंपनीचे मूल्य वाढू शकते. पण टक्केवारी स्थिर राहणार नाही, हे ठाऊक असावे.

अशा प्रस्तावाचे कागद माझ्यासमोर येतात तेव्हा मी पहिल्यांदा हे पाहतो, की दिले जात आहेत ते शेअर की पुढे ठरावीक किमतीला शेअर विकत घेण्याचा नुसता पर्याय. पर्याय असेल, तर ती किंमत किती आणि नोकरी सोडल्यावर तो वापरायला किती मुदत आहे. मग एकूण शेअरांची संख्या, रूपांतर होऊ शकणारे सगळे हक्क धरून. मग आपला वाटा किती वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्का होतो आणि त्याआधी नोकरी गेली तर काय. त्यानंतर अग्रहक्क भागधारकांची एकूण रक्कम आणि कर्ज. शेवटचा मुद्दा कराचा. तो शेअर हाती येताना लागतो की विकताना, हे देशागणिक बदलते, म्हणून तेथील करसल्लागारालाच विचारावे. कंपनी यांपैकी एकूण शेअरांची संख्या सांगायलाच तयार नसेल, तर अर्ध्या टक्क्याचे मूल्य काढता येत नाही, आणि अशा वेळी मी पगाराची तुलना करताना त्याची किंमत शून्य धरायला सांगतो.